मराठी साहित्यातलं गाव: साधं, रांगडं आणि कुणाच्या तोंडून?

मराठीत गावाचं चित्र गोडव्याने सुरू झालं नाही. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ म्हणजे कर्ज, सारा, कोर्टकचेरी आणि कुळकर्ण्याची लेखणी यांनी पिचलेल्या कुणब्याची कैफियत. हरि नारायण आपट्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथाही दुष्काळाचीच.

गोडवा आला तो पुढे, कवितेतून. 1920-30च्या दशकांत जानपद गीतांची, म्हणजे खेड्यातल्या जगण्यावरच्या कवितांची, लाट आली. मोट चालते आहे, पाखरं उडताहेत, डोक्यावर न्याहारीची पाटी घेऊन कारभारीण बांधावरून येते आहे. लिहिणारे बहुतेक शिकून शहरात स्थिरावलेले, आणि सोडून आलेलं गाव त्यांना सुंदरच दिसणार. या गीतांतल्या शेतकऱ्याला सावकार क्वचितच भेटतो. त्याच काळात खानदेशात बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात ओव्या रचत होत्या. त्यांच्या संसाराच्या गाण्यात भाकरीआधी हाताला चटके बसतात. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. घरच्यांनी उतरवून घेतलेली गाणी त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (1949) आणि ‘बनगरवाडी’ (1955) यांनी मात्र सूर पालटला. बनगरवाडीतली धनगरं भाबडी नाहीत आणि खलनायकही नाहीत. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी ओस पडते. लेखक हळहळीचा शब्द वाढवत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: ही कहाणी सांगतो तो बाहेरून आलेला मास्तर. माणसं बोलतात माणदेशी, निवेदन राहतं पुस्तकी मराठीत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (1960) मध्ये कौतिकचा संसार वऱ्हाडी बोलीत धगधगतो. नवऱ्याला महारोग झाला तरी पोराला शिकवायची तिची जिद्द सुटत नाही.

दरम्यान माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने सभागृहं भरू लागली. तिघेही अस्सल कथाकार, यात वाद नाही. पण शहरी श्रोत्याला इरसाल पाटील आणि बेरकी गावकरी यांचीच चटक लागली, असं मला वाटतं. रांगडेपणावर हसू पिकू लागलं, आणि पुढच्या नकलाकारांनी तेवढंच उचललं.

1971 हे साल त्यामुळे मोलाचं. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त शेतगडी नारबा स्वतः बोलतो, निवेदनासकट सगळं त्याच्या बोलीत. मालक ट्रॅक्टर आणतो आणि नारबाचा जनावरांचा गोतावळा एकेक करून तुटतो. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याची बायको पारबती मराठवाडी बोलीत आपल्या घराची पडझड सांगते. मधला मास्तर गेला. साधेपणा म्हणून बाहेरच्याला जे दिसत होतं, ते आतून पाहिलं तर हतबलता, हिशेब, कधी नुसता हट्ट. सत्तरच्या दशकाअखेरीस ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली, तिला हा पाया होता. यादवांच्याच ‘झोंबी’ (1987) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शिक्षणासाठीची झुंज थेट बापाशी आहे.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ एवढं शिकूनही नोकरीसाठी द्यायला पैसे नसल्याने शेतीतच अडकलेला आहे, आणि शहरातून आलेल्या त्याच्या बायकोला ते घर मानवत नाही.