चंद्र पडतोय, सेकंदाला १.३६ मिलिमीटर

अवकाश स्थानकाच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: 'स्थानक ताशी सुमारे २७ हजार ६०० किलोमीटर एवढ्या स्थिर वेगाने पृथ्वीभोवती फिरत आहे.' आकडा बरोबर आहे. चूक आहे ती 'स्थिर वेगाने' या दोन शब्दांत. ही चूक नुसती शब्दांची असती तर सोडून दिली असती. पण वेग खरोखरच स्थिर असता तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं, सरळ रेषेत कायमचं निघून गेलं असतं. स्थिर आहे ती त्याची चाल.

एकक काळात कापलेलं अंतर म्हणजे चाल, आणि एकक काळात विशिष्ट दिशेने कापलेलं अंतर म्हणजे वेग, हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं. परीक्षा झाली आणि 'विशिष्ट दिशेने' हे शब्द तेवढे गळून पडले. रस्त्यावरची 'वेगमर्यादा'ची पाटी खरं तर चालीची मर्यादा सांगते. गाडीतला काटासुद्धा चालच दाखवतो. गाडी कुठल्या दिशेला निघाली आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

वेग ज्या दराने बदलतो, तो दर म्हणजे त्वरण. वेगात दिशा आलीच, म्हणून चाल तीच ठेवून नुसती दिशा बदलली तरी त्वरण असतं. ब्रेक दाबल्यावर असतं, तसंच स्टिअरिंग वळवल्यावरही असतं. उलट, वेग शून्य असतानाही त्वरण असू शकतं. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर थांबतो, तेव्हाही त्याचं त्वरण खालच्या दिशेने दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढंच असतं. तिथे ते शून्य झालं असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता.

दिशेचा विषय निघालाच आहे, तर 'वक्री' ग्रहांबद्दलही सांगतो. मंगळ वक्री झाला की लोक धास्तावतात, शांती करतात. मंगळ उलटा फिरत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, मंगळ सुमारे २४. साधारण २६ महिन्यांनी एकदा आपण आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकतो आणि त्या दोन-अडीच महिन्यांत तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकल्यासारखा दिसतो. हा सापेक्ष वेगाचा परिणाम आहे. मागे पडणाऱ्या गाडीला घाबरून कुणी शांती करत नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. दिशा बदलल्याने त्वरण येतं हे मान्य, पण किती? कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

दोरीला बांधलेला दगड एकसारख्या चालीने गोल फिरतोय असं समजा. प्रत्येक जागी त्याचा वेग एका बाणाने दाखवा. बाणाची लांबी म्हणजे चाल, आणि त्याचा रोख म्हणजे दिशा. आता हे सगळे बाण उचलून कोऱ्या कागदावर आणा आणि त्यांची शेपटं एकाच बिंदूवर ठेवा. चाल बदलत नाही, म्हणून सगळे बाण सारख्या लांबीचे. त्यामुळे त्यांची टोकं पुन्हा एका वर्तुळावरच येतात! या दुसऱ्या वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये मोजायची नाही, मीटर प्रति सेकंदात मोजायची, कारण ती त्रिज्या म्हणजेच दगडाची चाल. आणि दगडाची एक फेरी होते तेवढ्याच वेळात बाणाच्या टोकाचीही एक फेरी होते.

दगडाची जागा ज्या दराने बदलते तो वेग. तसंच बाणाच्या टोकाची जागा ज्या दराने बदलते ते त्वरण. म्हणजे पहिल्या वर्तुळात त्रिज्या आणि चाल यांचं जे गुणोत्तर, तेच दुसऱ्या वर्तुळात चाल आणि त्वरण यांचं. फेरीचा वेळ दोन्हीकडे एकच आहे ना! त्यातून थेट मिळतं: त्वरण म्हणजे चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. दिशाही फुकटात मिळते. केंद्राकडून दगडाकडे जाणाऱ्या रेषेला वेग काटकोनात असतो, आणि वेगाला त्वरण पुन्हा काटकोनात, त्याच बाजूला वळून. दोन काटकोन मिळून १८० अंश, म्हणजे त्वरणाचा रोख बरोबर केंद्राकडे. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने वर्तुळाकार गतीचे हे नियम १६७३ साली प्रसिद्ध केले.

सूत्रातल्या 'वर्ग' या शब्दाकडे गाडी चालवणाऱ्यांनी नीट पाहावं. तेच वळण दुप्पट चालीने घेतलं तर त्वरण चौपट लागतं, आणि ते सगळं टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून यावं लागतं. ओल्या रस्त्यावर ते मिळत नाही, आणि गाडी मग सरळ जाते.

आता हे सूत्र स्थानकाला लावू. चाल सेकंदाला ७.६६ किलोमीटर, पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर सुमारे ६,७७० किलोमीटर. त्वरण येतं ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. जमिनीवर ते ९.८ असतं. म्हणजे 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं' हे साफ खोटं आहे. तिथे ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं स्थानक सारख्याच त्वरणाने पडत असतात. पुढे जाण्याची चाल एवढी आहे, की जेवढं ते पडतात तेवढीच खालची गोल जमीनही दूर वळत जाते.

हीच गोष्ट चंद्राची. अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर, फेरीला २७.३ दिवस, म्हणजे चाल सेकंदाला १.०२ किलोमीटर. वर्ग करून भागलं की त्वरण येतं ०.००२७२ मीटर प्रति सेकंद वर्ग. एका सेकंदात पडण्याचं अंतर त्वरणाच्या आकड्याच्या निम्मं असतं, म्हणजे एवढ्या त्वरणाने चंद्र सरळ रेषेपासून दर सेकंदाला १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. न्यूटनने १६८७ साली हाच ताळा मांडला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या ६० त्रिज्या दूर आहे, आणि पृष्ठभागावर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या पटीत कमी होतं, म्हणून ४.९ मीटरना ६० च्या वर्गाने, म्हणजे ३,६०० ने भागा: १.३६ मिलिमीटर.