फोन वाजला की नेट का जातं?

आमच्या गावच्या घरी लँडलाइन खणखणली की मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायचा आणि नेट गायब. बोलताना कानात खरखर ती वेगळीच. मी मोडेम बदलला, लाइनची तक्रार नोंदवली. दोष मात्र घरातच होता.

तांब्याच्या एकाच तारजोडीवरून आवाज आणि इंटरनेट दोन्ही येतात. आवाजाला 300 ते 3,400 हर्ट्झ पुरतात. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट (मोडेमवरचा डीएसएल दिवा त्याचाच), 25 किलोहर्ट्झच्या वर सुरू होऊन 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत जातं. वाटा वेगळ्या, तरी भांडण होतं ते टेलिफोनमुळे. रिसीव्हर उचलला की त्यातलं सर्किट लाइनला जोडलं जातं, वरच्या लहरींची ताकद पितं आणि त्यांच्यात गोंगाटही मिसळतं. रिंग तर आणखी दणकट. एक्स्चेंजमधून सुमारे 75 व्होल्टचा एसी दाब येतो. त्या धक्क्यात मोडेमची एक्स्चेंजशी असलेली जुळवणी सुटते.

यावर उपाय स्प्लिटर, म्हणजे आवाज आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी. ती उघडून पाहा: फेराइटवर (चुंबकीय गुणाच्या काळ्या गाभ्यावर) गुंडाळलेली बारीक तारेची वेटोळी आणि दोन-चार कपॅसिटर. वेटोळं जलद लहरींना अडवतं आणि त्यातून निसटलेल्यांना कपॅसिटर परस्पर वळवतो. फोनपर्यंत फक्त आवाज पोहोचतो, मोडेमला लाइन जशीच्या तशी मिळते.

म्हणूनच घरातला प्रत्येक फोन स्प्लिटरच्या 'फोन' तोंडामागेच हवा. आमच्याकडे बाबांनी फार पूर्वी स्वयंपाकघरात पॅरलल फोन घेतला होता. कपाटामागच्या डबीत तारा पिळून वर टेप गुंडाळलेली, आणि तो फाटा स्प्लिटरच्या आधीच फुटलेला! असा फाटा हलवता येत नसेल तर त्या फोनला वेगळा फिल्टर लावा. फॅक्स किंवा कॉलर आयडीची डबी असेल तर तिलाही.

फोन काढून नुसती लोंबती ठेवलेली वायरही कापून टाकाच. लहर तिच्या टोकावर आपटून उलट फिरते आणि येणाऱ्या लहरीलाच काटते. 50 मीटरच्या फाट्याने 1 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल खाल्ला जातो. मोडेमपर्यंत चपटी वायर लांबवर ओढू नका, पीळ दिलेली जोडी घ्या. आकाशवाणी पुणे केंद्राच्या मध्यम लहरी 792 किलोहर्ट्झवर येतात, म्हणजे थेट एडीएसएलच्या पट्ट्यात. पिळामुळे दोन्ही तारांत असा बाहेरचा सिग्नल जवळपास सारखाच शिरतो आणि मोडेमला तो वजा करता येतो.

शंका असेल तर सगळे फोन काढून मोडेम थेट लाइनला लावा, त्याच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलला किती मोकळीक उरली त्याचा आकडा; जास्त तितका चांगला) बघा, मग एकेक फोन जोडत जा. आमच्याकडे स्वयंपाकघरातला फोन लावताच तो आकडा धाडकन खाली आला. त्याच संध्याकाळी तो फाटा सोडवून स्प्लिटरमागे घेतला.