भूपृष्ठीय ओझोन

जमिनीलगतच्या हवेत सूर्यप्रकाशामुळे तयार होणारा ओझोन वायू. वाहनांच्या नळकांड्यांतून किंवा कारखान्यांच्या धुरांड्यांतून तो थेट बाहेर पडत नाही. तिथून निघालेल्या दुसऱ्याच वायूंवर ऊन पडले की तो हवेत बनतो. म्हणून त्याची गणना दुय्यम प्रदूषकांत होते. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन वर स्थितांबरात, म्हणजे हवेच्या उंचावरच्या थरात, असतो आणि अतिनील किरण अडवतो. खालचा रेणूही तोच, ऑक्सिजनच्या तीन अणूंचा. फक्त तो आपल्या श्वासाच्या वाटेत असतो. ओझोनचा थर वाचवा, हे शाळेपासून ऐकलेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो.

इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड होते व पुढे हवेत त्याचे तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनते. सुमारे ४२० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश त्याचा रेणू फोडतो. सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूशी जोडला गेला की ओझोन तयार. पण मागे उरलेले नायट्रिक ऑक्साइड त्याच ओझोनवर तुटून पडते आणि पुन्हा डायऑक्साइड होते. जमा आणि खर्च सारखेच. गोष्ट इथेच संपती तर ओझोन फारसा साचलाच नसता.

तो साचतो बाष्पनशील कार्बनी संयुगांमुळे: पेट्रोलची वाफ, रंगातले थिनर, अर्धवट जळलेले इंधन. हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचा, अतिशय क्रियाशील असा तुकडा) या संयुगांवर हल्ला करते आणि त्यातून पेरॉक्सी मूलके निर्माण होतात. ती ओझोन खर्च न करताच नायट्रिक ऑक्साइडचे डायऑक्साइड करतात, त्यामुळे जमेची बाजू वाढत जाते. गंमत अशी की हे हायड्रॉक्सिल मूलक स्वतः ओझोन, ऊन आणि पाण्याची वाफ यांच्यापासूनच बनते. त्याचे आयुष्य जेमतेम सेकंदभराचे. तेवढ्यात ते मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असे वायू निकालात काढते. तेव्हा खालचा सगळाच ओझोन वाईट म्हणता येत नाही. थोडा हवाच, नाहीतर वातावरणाची साफसफाई अडेल.

हा उलगडा लॉस एंजेलिसमध्ये झाला. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुरके असे दाटले की काहींना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला, पण तो बंद ठेवूनही धुरके हटेना. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी या प्रश्नात लक्ष घातले. ते अननसाच्या वासातली रसायने वेगळी काढत होते. त्याच गोठवणाऱ्या सापळ्यातून त्यांनी शहरातली हवा ओढली, तेव्हा हाती आले उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. ओझोन मोजायला त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या: तडे जितके लवकर, तितका ओझोन जास्त. मोटारींचा धूर आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांची वाफ यांवर ऊन पडून हे धुरके होते, असे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. डिसेंबर १९५२ मधले लंडनचे घातक धुरके या जातीचे नव्हते. ते कोळशाच्या काजळीचे आणि सल्फर डायऑक्साइडचे, थंडीतले. लॉस एंजेलिसचे धुरके मात्र उन्हाचे.

ओझोनचे नियंत्रण अवघड आहे, कारण इथे साधी वजाबाकी चालत नाही. दाट वाहतुकीच्या शहरात नायट्रोजनची ऑक्साइडे मुबलक असतात आणि ती ओझोन खातही असतात. कार्बनी संयुगे तेवढीच ठेवून ती ऑक्साइडे थोडी कमी केली, तर ओझोन वाढू शकतो. शनिवार-रविवारी मालमोटारी कमी धावत असताना लॉस एंजेलिसचा ओझोन चढतो, हे अनेक वर्षे दिसत आले. २०२० च्या टाळेबंदीत जगातल्या बऱ्याच शहरांत हेच घडले: बाकी प्रदूषके उतरली, हा वर गेला. शहराबाहेर चित्र उलटे असते. तिथे झाडेही आयसोप्रीनसारखी संयुगे सोडतात, त्यामुळे कार्बनी मालाची ददात नसते. उणीव असते ती नायट्रोजनच्या ऑक्साइडांची, आणि ती वाऱ्याबरोबर शहरातून येतात. म्हणून ओझोनचा उच्चांक अनेकदा भर चौकात नाही, तर वाऱ्याच्या दिशेने दूरच्या गावात, दुपारनंतर लागतो.

तिथे शेती असते. ओझोन पर्णरंध्रांतून पानात शिरतो, पेशी जाळतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते. गहू आणि सोयाबीन याबाबतीत विशेष हळवे आहेत. माणसांत तो श्वासनलिकेचा दाह करतो; दमेकऱ्यांना आधी कळतो.

भारतात २००९ च्या मानकांनुसार मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम अशी आहे. पुण्यात ओझोन मार्च ते मे या महिन्यांत चढतो; पावसाळ्यात ढग ऊन अडवतात, समुद्रावरून तुलनेने स्वच्छ हवा येते आणि तो उतरतो. देशातली बहुतेक मापनकेंद्रे मात्र शहरांत आहेत. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या केंद्रावर वाहनांचे नायट्रिक ऑक्साइडच ओझोन खाऊन टाकते, आणि आकडा कमी दिसतो.