शाळेच्या दारात रिटायर्ड पोलीस: अमेरिकेत हे आलं कुठून?

न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी भरपूर, आणि तिथल्या बऱ्याच शाळांच्या दारात हल्ली पन्नाशीतला एक पोलीस दिसतो, अंगावर युनिफॉर्म, कमरेला पिस्तूल. हा माणूस पोलीस खात्यातून रिटायर झालेला असतो आणि खास शाळेसाठी परत घेतलेला असतो, 'क्लास थ्री ऑफिसर' म्हणतात. २०१६ च्या शेवटी तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी कायद्यावर सही केली तेव्हापासून ही सोय आहे. अटी सरळ आहेत, वय ६५ च्या आत, आधी न्यू जर्सीतच फुलटाइम पोलीस म्हणून काम केलेलं, नोकरी नीट संपवून बाहेर पडलेला, आणि बाहेर पडून फार वर्षं झालेली नसावीत. काम फक्त शाळा-कॉलेजात. हेल्थ इन्शुरन्स नाही, या कामावर पेन्शन वाढत नाही.

हे गणित जमतं कारण तिकडे पोलिसांना २०-२५ वर्षं नोकरी झाली की पेन्शन सुरू होते, म्हणजे पन्नाशीच्या आतबाहेर माणूस धडधाकट घरी बसलेला असतो. टाउनला पूर्ण पगाराचा पोलीस शाळेत बसवायचा तर टॅक्स वाढणार, त्यापेक्षा हा तासावर मिळतो आणि वर 'अनुभवी' असं लेबल लावून मिळतो. आता अनुभव कशाचा, हा प्रश्न या सगळ्या इतिहासात परत परत येतो आणि दरवेळी बाजूला सारला जातो असं माझं मत आहे.

सुरुवात बंदुकीने झालीच नव्हती. १९५० च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट या गावात, म्हणजे जनरल मोटर्सच्या गावात, शाळेत पोलीस नेमायचा प्रयोग झाला, पैसा मॉट फाउंडेशनचा. कल्पना अशी की पोरं वाया जायच्या आधीच पोलिसाशी ओळख व्हावी, भीती कमी व्हावी, घरी काही गडबड असेल तर कळावं. थोडक्यात पुण्यातल्या 'पोलीस काका' टाइप विचार, फक्त हे काका रोज शाळेतच बसणार. १९६० च्या दशकात टूसॉन, फ्रेस्नो, मायामी वगैरे ठिकाणी हेच गेलं. पण तोच काळ वेगवेगळ्या वर्णाची पोरं एका शाळेत आणायच्या भांडणांचाही होता, आणि कृष्णवर्णीय वस्तीतल्या पालकांना शाळेतला पोलीस काका वाटत नव्हता, नजर ठेवायला बसवलेला माणूस वाटत होता. टूसॉनमध्ये तर पोरांची चौकशी पालकांना न विचारता कशी करता यावरून नागरी हक्कवाल्यांनी तेव्हाच आवाज उठवला होता. आजचे वाद नवे नाहीत.

तरी आकडा छोटाच होता, १९७५ च्या सुमारास जेमतेम १ टक्का शाळांत पोलीस होता.

मग १९८३ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस चीफ डॅरिल गेट्स यांनी 'डेअर' काढलं, युनिफॉर्ममधला पोलीस वर्गात येऊन ड्रग्जवर लेक्चर देणार. देशभर पसरलं, टी-शर्ट वाटले गेले, नंतर अभ्यास झाले तर ड्रग्ज घेण्याच्या प्रमाणावर म्हणावा असा परिणाम काहीच दिसला नाही, पण पोलीस शाळेत असणं एव्हाना नॉर्मल होऊन गेलं होतं. १९९१ ला या ऑफिसरांची राष्ट्रीय संघटना झाली, नॅसरो. त्यांचं म्हणणं की शाळेतला पोलीस तीन कामं करतो, कायदा राखतो, शिकवतो आणि समुपदेशकासारखा पोरांशी बोलतो. ऐकायला छान आहे. फक्त त्यांचा बेसिक कोर्स ४० तासांचा, म्हणजे एका आठवड्यात पोलिसाचा मास्तर आणि समुपदेशक दोन्ही.

१९९४ मध्ये दोन कायदे आले. एकाने शाळेत बंदूक आणणाऱ्या पोराला वर्षभर काढून टाकणं भाग पाडलं, दुसरा क्लिंटनचा मोठा क्राइम बिल, १ लाख नवे पोलीस भरायला केंद्राचा पैसा. गंमत म्हणजे पोरांच्या गुन्ह्यांचा आलेख साधारण तेव्हाच शिखर गाठून खाली यायला लागला होता.

आणि मग २० एप्रिल १९९९, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमधला गोळीबार. १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक गेले. लोक एक गोष्ट विसरतात की त्या शाळेत पोलीस होता. नील गार्डनर, शेरीफ ऑफिसचा डेप्युटी म्हणजे जिल्हा पोलीस, पंधरा वर्षांचा अनुभव. एरवी तो जेवायला पोरांबरोबर कॅफेटेरियात बसायचा, त्या दिवशी नेमका गाडीत बसून डबा खात होता, सिगरेट ओढणाऱ्या पोरांच्या अड्ड्यावर नजर ठेवून. रेडिओवर हाक आली तसा गाडी घेऊन धावला, साधारण ६० यार्डांवरून हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या, लागल्या नाहीत, हल्लेखोर आत निघून गेला. तो मागोमाग आत गेला नाही, कारण तेव्हाचं ट्रेनिंगच तसं होतं, बाहेर घेरा टाकायचा आणि स्वॅटची, म्हणजे पोलिसांच्या खास हत्यारबंद पथकाची, वाट बघायची. ते ट्रेनिंग नंतर पार बदललं, आता पहिला पोहोचेल त्याने थेट आत शिरायचं.

पण पॉलिसीवाल्यांनी यातून काय घेतलं तर अजून पोलीस पाहिजेत. 'कॉप्स इन स्कूल्स' नावाची ग्रँट सुरू झाली, काही वर्षांत ७५ कोटी डॉलरच्या आसपास वाटले गेले, साडेसहा-सात हजार पोलीस शाळांत आले. ग्रँट ठरावीक वर्षांची असते, ती संपली की पगार गावावर येतो, स्वस्तात कोण मिळेल ही शोधाशोध तिथूनच येते.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. आठवड्याभरात एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेचे वेन लापिएर म्हणाले प्रत्येक शाळेत हत्यारबंद पोलीस द्या, आणि रिटायर्ड पोलिसांचंही नाव त्यांनी तिथेच घेतलं. न्यू जर्सीचा कायदा त्यानंतर चारच वर्षांनी आला.

अनुभवाचं लेबल सगळ्यात जास्त फाटलं ते फ्लोरिडात. १४ फेब्रुवारी २०१८, पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये गोळीबार, १७ जण गेले. शाळेत डेप्युटी होता, तीस वर्षांहून जास्त नोकरी झालेला, त्यातली बरीच शाळेतलीच. गोळीबार सहाएक मिनिटांत संपला, हा पाऊण तास शेजारच्या इमारतीच्या आडोशाला उभा. त्याच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये निर्दोष सुटला, त्याचं म्हणणं होतं की आवाज कुठून येतोय तेच कळत नव्हतं. खरं-खोटं काहीही असो, घटनेनंतर महिन्याभरात राज्याने कायदा केला की प्रत्येक सरकारी शाळेत हत्यारबंद माणूस हवाच. एवढे पोलीस आणायचे कुठून? मग १४४ तासांचं ट्रेनिंग देऊन 'गार्डियन' तयार करायला लागले, आणि मिळतील तिथे रिटायर्ड पोलीस घेतले.

दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर २०१९, ऑरलँडोमध्ये अशाच एका रिटायर्ड ऑफिसरने, जो रिझर्व्ह म्हणून शाळेत होता, ६ वर्षांच्या मुलीला अटक केली. तिने रागात कोणाला तरी लाथ मारली होती म्हणून! हाताला प्लास्टिकचे टाय बांधले, ती रडत रडत म्हणत होती मला गाडीत जायचं नाही, व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्याला काढलं. २०२१ मध्ये कायदा झाला की ७ वर्षांखालच्या मुलाला गंभीर हिंसक गुन्हा सोडून अटक करायची नाही. ७ वर्षं, आणि तेही कायद्यात लिहावं लागलं.

आता अभ्यास काय सांगतात. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की शाळेत पोलीस असला की मारामाऱ्या काही प्रमाणात कमी होतात, गोळीबार थांबत नाहीत, आणि निलंबन वाढतं, त्यातही कृष्णवर्णीय मुलांचं जास्त. २०१५-१६ च्या केंद्राच्या आकड्यांत पटावर ही मुलं १५ टक्के, पोलिसांकडे पाठवलेल्यांत ३१ टक्के.

२०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेल्यावर तिथल्या शाळांनी पोलिसांचा करार मोडला, डेन्व्हर, ओकलंड, पोर्टलंडनेही तेच केलं. डेन्व्हरमध्ये मार्च २०२३ ला ईस्ट हाय या शाळेत एका विद्यार्थ्याने दोन कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि शाळा चालवणाऱ्या बोर्डाने पोलीस परत बोलावले. आदल्याच वर्षी टेक्सासमधल्या उवाल्डेत शाळेतल्या गोळीबारात ३७६ पोलीस जमले आणि हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटं गेली, तिथे तर शाळांचं स्वतःचं पोलीस खातं होतं, तरी पालकांचा कौल बहुतेक ठिकाणी 'एक तरी असू दे' असाच पडतो आणि त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही.

न्यू जर्सीत शाळा आणि पोलीस यांच्यात राज्याने ठरवून दिलेला एक करार असतो, दरवर्षी सह्या होतात. कुठल्या गोष्टीत पोलिसांना कळवायचं आणि कुठली शाळेने स्वतः निस्तरायची ते त्यात असतं. बोर्डाच्या मीटिंगला क्लास थ्रीचा विषय निघाला की चर्चा तासाच्या रेटवर होते, पिस्तूल असावं की नाही यावर होते, तो करार काढून वाचणारा क्वचितच कोणी असतो.