झटक्यानंतर पुन्हा उठणारी कळ

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचून घरी आलेल्या माणसाच्या छातीत दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दुखू लागलं, की घरच्यांच्या काळजात धस्स होतं. दुसरा झटका तर नाही? १९५० च्या दशकापर्यंत डॉक्टरांचाही पहिला संशय तोच असे. रुग्ण परत अंथरुणावर, आणि रक्त पातळ करणारी औषधं सुरू.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मायमोनिडीस रुग्णालयातले डॉ. विल्यम ड्रेसलर यांनी या दुखण्यातला एक वेगळा प्रकार ओळखला. त्यांच्या काही रुग्णांना सोबत ताप होता. खोल श्वास घेतला किंवा आडवं झालं की कळ वाढे, पुढे वाकून बसलं की उतरे. स्टेथोस्कोप लावला की चामड्यावर चामडं घासल्यासारखा आवाज येई. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली होती. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर असाच आजार होतो हे तेव्हा नुकतंच लक्षात आलं होतं, आणि ड्रेसलर यांना तेच साम्य दिसलं. १९५९ मध्ये त्यांनी ४४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जखमी स्नायूमुळे चेतलेली प्रतिकारशक्ती आवरणावर उलटते, ही उपपत्ती आजही मानली जाते.

माझ्या मते या शोधाचं खरं मोल उपचारात आहे. दुसरा झटका समजून दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी सुजलेल्या आवरणात रक्तस्राव होऊन हृदयच दाबलं जाण्याचा धोका होता. आज अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत आणि जोडीला कोल्चिसिन देतात, दोन्ही सूज उतरवण्यासाठी. स्टेरॉइड शक्यतो टाळतात, कारण त्यांनी हृदयावरचा व्रण नीट भरत नाही. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. पण तो कंद जीवघेणा विषारी आहे, घरगुती उपाय म्हणून त्याला हातही लावू नये.

१९८० च्या दशकापासून गुठळी विरघळवणारी औषधं आणि अँजिओप्लास्टी आली, स्नायूचं नुकसान घटलं आणि ड्रेसलर यांचा आजार दुर्मीळ झाला. पण अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत, म्हणजे स्टेंटमध्येही, गुठळी होऊ शकते. त्यामुळे पुन्हा दुखलं तर घरी अंदाज बांधत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावं. तिथे ईसीजी आणि इको होतो. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, मात्र पहिल्या झटक्यानंतर दहा-बारा दिवसही वाढलेलं राहू शकतं, म्हणून काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून आकडा चढतोय का ते पाहतात.