सायलेन्सरचा नट जाम का होतो?

"नट निघंना, मालक. ह्या इथेनॉलच्या पेट्रोलनं सगळेच गंजायलेत." जालन्यापासून लातूरपर्यंत कुठल्याही गॅरेजवर सायलेन्सर उतरवायला गाडी लावा, हल्ली असं काहीतरी कानावर पडतंच. शेजारी उभा असलेला माणूस त्यात भर घालतो, "कोकणात गंजतं ते ठीक, आपल्याकडं हवा कोरडी, इथं गंज कसला?"

आधी इथेनॉलचं बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून एवढं पाणी. शुद्ध इथेनॉलचा आकडा उलट थोडा कमी, साधारण 0.93 लिटर. हे पाणी वाफ होऊन धुरासोबत जातं. गाडी मोंढ्यापर्यंतच पळवली तर सायलेन्सर पुरता तापत नाही, मग ते आतच साचून पत्रा खातं. पण बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारी वाकडी नळी, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) धरून ठेवणारे नट धुराच्या वाटेवर नसतातच. त्यांना पाणी बाहेरून मिळतं.

आणि ते आपणच देतो. दसऱ्याला गाडी धुताना बोअरचं पाणी सर्रास वापरलं जातं. बादलीला पांढरा थर चढवणारं हे जड पाणी गरम बेंडवर पडलं की उडून जातं, क्षार मात्र आट्यांत राहतात. पावसाळ्यात हेच क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यातल्या क्लोराइडपुढं लोखंडावरचा संरक्षक थर तग धरत नाही. नटावरचा जस्ताचा मुलामा तर आधीच उष्णतेनं दुबळा झालेला असतो. समुद्राची गरजच उरत नाही.

आता खरी गंमत. गंज लोखंडाला नुसता खात नाही, तो जागा मागतो. 1923 मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ यांनी धातू आणि त्याच्या ऑक्साइडच्या आकारमानाचं गुणोत्तर मांडलं. एक मोल, म्हणजे अणूंच्या ठरावीक संख्येइतकं, लोखंड 7.1 घन सेंटिमीटर जागा घेतं. त्याचं फेरिक ऑक्साइड झालं की तेवढ्याच लोखंडाला 15.2 लागतात, म्हणजे गुणोत्तर 2.1. ओलाव्यात होणारा गंज पाणी धरून ठेवतो, त्यातल्या गोथाइट या प्रकाराचं गुणोत्तर तिपटीच्या जवळ जातं. नट आणि स्टड (हेडमध्ये रुतवलेली आट्यांची दांडी, जिच्यावर नट बसतो) यांच्या आट्यांत फट असते मिलिमीटरच्या काही शतांशांची. तोंडोतोंड भरलेल्या बरणीत हरभरे भिजत घालून झाकण लावावं, तशी आत गत होते. पाना लावला की नट फिरण्याआधी स्टडच पिळला जातो आणि हेडच्या तोंडाशी तुटतो. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी. ओलावा मिळाला की या दोघांचा छोटा विद्युत घट बनतो, त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटते.

शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, पण गाडीला लिंबू-मिरची मात्र शनिवारीच बांधायची, अशी आपली रीत. लिंबातलं सायट्रिक आम्ल गंज विरघळवतं हे खरं, पण त्यासाठी लिंबू नटावर पिळावं लागेल.

जाम नटावर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे बारीक फटीत झिरपणारं पातळ तेल, सोडावं. सकाळी आधी किंचित आवळून मग ढिला करावा, अडला की परत आवळावा, घाई नको. स्टडच काढायचा असेल तर इंजिन कोमट असताना काढावा, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि पकड सैल होते.

परत बसवताना आटे तारेच्या ब्रशनं साफ करून त्यावर तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट पातळ लावावी. साधं ग्रीस बेंडजवळ जळून कोळसा होतं. या पेस्टमधलं ग्रीसही जळतं, पण धातूची भुकटी आट्यांत उरते आणि पोलादाला पोलाद चिकटू देत नाही. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट घालणाऱ्यांना तर ती हवीच, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस गंज नसतानाही घासून एकमेकांत रुततं. मात्र पान्यावरचा जोर कमी ठेवा. कोरड्या आट्यांवर त्यातला साधारण 90 टक्के घर्षणातच जातो. ते घटलं की तेवढ्याच जोरात स्टडवर भलताच ताण येतो. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाडीच्या बेंडमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याच्या टोकाला ही पेस्ट लागू देऊ नका.