पत्ता जुना दिसतो तो गुणाकाराने

लग्नपत्रिका खेळायच्या पत्त्यासारखी छापायची हौस आता कोल्हापुरातही दिसते. नवरा बदामचा राजा, नवरी बदामची राणी, आणि डिझायनरला एकच सांगणं: "भावा, जरा जुना लूक दे." मग फोटोशॉपमध्ये चित्रावर तपकिरी लेअर म्हणजे रंगाचा थर चढतो, त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ४० टक्के ठेवली जाते आणि काम संपतं. असा पत्ता जुना वाटत नाही, धुक्यातला वाटतो. जुनं म्हणजे तपकिरी, ही समजूतच चुकीची आहे.

खरा जुना पत्ता भिंगाखाली धरून पाहा. काळी रेघ काळीच असते, कारण छपाईच्या काळ्या शाईत काजळी म्हणजे कार्बन असतो आणि तो उन्हाने उडत नाही. बदलतो तो कागद. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन असतं. उजेड आणि ऑक्सिजन मिळून त्याचं ऑक्सिडीकरण करतात आणि निळा प्रकाश शोषणारे रेणू तयार होतात. पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. शाईचा थर पातळ आणि बराचसा पारदर्शक असतो. प्रकाश शाईतून आत जातो, कागदावरून परततो आणि पुन्हा शाईतूनच बाहेर येतो. समजा शाईतून जाता-येता मिळून निळ्या प्रकाशाचा ५९ टक्के भाग टिकतो आणि पिवळा पडलेला कागद ६७ टक्के परत पाठवतो. डोळ्यापर्यंत पोचतो ०.५९ × ०.६७, म्हणजे सुमारे ४० टक्के. इथे बेरीज नाही, सरासरीही नाही, गुणाकार आहे.

सॉफ्टवेअरमधला 'मल्टिप्लाय' हा ब्लेंड मोड, म्हणजे लेअर एकमेकांत मिसळायची पद्धत, हेच करतो. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी ० ते २५५ मधला एकेक आकडा असतो. मल्टिप्लाय दोन लेअरचे आकडे गुणतो आणि २५५ने भागतो. काळा म्हणजे शून्य, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. कागद (२३५, २१५, १७०) असा पिवळट असला तरी त्यावरची काळी रेघ (०, ०, ०) राहते. त्याच रंगाचा साधा लेअर ४० टक्क्यांवर टाकला, तर तो सरासरी काढतो आणि रेघ (९४, ८६, ६८) अशी मळकट होते.

इथे एक शंका निघते. पिक्सेलचा आकडा म्हणजे प्रकाशाचं प्रमाण नव्हे. १२८ हा आकडा निम्मा प्रकाश देत नाही, जेमतेम २२ टक्के देतो, कारण प्रकाशाचा साधारण १/२.२ इतका घात घेऊन तो साठवलेला असतो. मग आकड्यांचा गुणाकार प्रकाशाला कसा लागू पडतो? दोन संख्यांच्या गुणाकाराचा घात हा त्यांच्या घातांचा गुणाकार असतो म्हणून. आधी गुणा किंवा आधी घात घ्या, उत्तर जवळजवळ तेच येतं. सरासरीला हा नियम लागत नाही, म्हणून ती रंग बिघडवते. आठवीतला घातांकाचा नियम पत्त्याचा रंग सांभाळतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

बाकीचं सोपं आहे. ६३ × ८८ मिमीचा पत्ता ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ७४४ × १०३९ पिक्सेल होतो. तळाशी कागद, वर प्रत्येक शाईचा वेगळा लेअर, सगळे मल्टिप्लायवर. गिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातही हे होतं. लाल लेअर सहाएक पिक्सेल सरकवा, म्हणजे अर्धा मिलिमीटर; जुन्या छपाईत रंग असेच हलायचे. कडांना कागद जास्त पिवळा करा. कोपरा झिजलेला दाखवायचा तर तिथली शाई पुसायलाच हवी.

बदामच्या राजाची तलवार मात्र तशीच ठेवा. ती डोक्यात घुसल्यासारखी दिसते म्हणून शापाच्या आणि आत्महत्येच्या गोष्टी फिरतात. त्यांत तथ्य नाही. पूर्वी त्याच्या हातात कुऱ्हाड होती. ठशावरून ठसा कोरत जाताना तिचं पातं गळालं, इतकंच.

आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलं की हिशेब बदलतो. तिथल्या दशावतारी गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाचे १२० गोल पत्ते हाताने रंगवतात, तेही अपारदर्शक रंगांनी. खालचा थर कितीही पिवळा पडला तरी रंगातून तो दिसत नाही. वरचा लाखेचा पिवळसर थर मात्र सगळ्यावर पडतो. म्हणून गंजिफाचं डिझाइन करताना रंगांचे लेअर 'नॉर्मल' म्हणजे साधे ठेवायचे आणि मल्टिप्लाय फक्त सगळ्यात वरच्या, लाखेच्या लेअरला द्यायचा.